मंगळवार पेठेत ढेकूण सापडले नाहीत

आधी आक्कांचं नाव घेतो, मग बाकीचं सांगतो. कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहणाऱ्या आक्का. त्यांनी मला गच्चीवरची खोली दिली, माझ्याबरोबर दवाखान्याच्या बाकड्यावर बसल्या, आणि ज्या दिवशी मी त्यांच्या घराला नावं ठेवली त्या दिवशीही मला उपाशी ठेवलं नाही. त्यांच्यानंतर त्यांचे धाकटे भाऊ आण्णा, आणि मग कातडीच्या डॉक्टरीणबाई. या तिघांशिवाय मी आज इथे घरापुढच्या खळ्यात बसून हे लिहीत नसतो.

मी देवगडकडचा. दुसऱ्याच्या आंब्याच्या बागेत राखणदार आहे. शाळा चौथीत सुटली, त्यामुळे लिहायला वेळ लागतो. पण आमच्या भागातून घाटावर दवाखान्याला जाणारे पुष्कळ, आणि परत आलेल्याला विचारलं तर तो नुसतं "बरा झाला" म्हणतो. पुढच्याला काहीच कळत नाही. म्हणून लिहितो.

दोनेक वर्षांमागे माझ्या रक्तात पांढऱ्या पेशी फार वाढल्याचं निघालं. कोल्हापूरच्या रक्ताच्या डॉक्टरांनी सांगितलं, "हा रक्ताचा कॅन्सरच आहे, पण मंद चालणारा. आत्ता झोपलाय. झोपलेल्याला औषध देऊन उठवायचं नाही, नुसती नजर ठेवायची." तेव्हापासून मी काही महिन्यांनी घाट चढायचो, रक्त द्यायचो आणि घरी यायचो. या खेपेला त्यांनी मानेतल्या गाठी चाचपल्या आणि म्हणाले, "थोडे दिवस इथंच राहा. तपासण्या करू. रोग जागा झाला असेल तर औषध सुरू करावं लागेल, मग काही महिने कोल्हापूर सोडता येणार नाही."

बागेत मोहोर फुटायची वेळ होती. काही महिने म्हणजे आंबा उतरून पेट्या गेल्यावरच मी घरी. राखणदार नसला की मालक दुसरा बघतो, त्यात त्याची चूक नाही. आणि खरं सांगायचं तर भीती नोकरीची नव्हती.

मंगळवार पेठ

आमच्या मालकांचा आंबा पूर्वी आक्कांचे यजमान कोल्हापुरात विकायचे. यजमान वारले, ओळख राहिली. मालकांनी फोन केला आणि आक्का म्हणाल्या, पाठवून द्या. मी पिशवी घेऊन दारात उभा राहिलो तेव्हा त्या आतूनच ओरडल्या, "या पावणं! चपला आत घ्या, भायेर कुत्रं नेतंय."

इथली माणसं मोठ्यानं बोलतात. आमच्याकडे माणूस एवढ्या मोठ्यानं बोलला तर शेजारचे भांडण सोडवायला येतील. इथल्या जुन्या बायका स्वतःला "मी आलो, मी जेवलो" म्हणतात. पहिल्या दिवशी मी दचकून मागे बघितलं, कोण पुरुष आला म्हणून.

आक्का जैन. घरात कांदा नाही, लसूण नाही, बटाटाही नाही. मासळी आणून रांधणं तर सोडाच, त्या मासळीचं नाव घेतलं की तोंड फिरवतात. मी माशाशिवाय चार दिवस काढलेला माणूस नाही. पण खोटं कशाला बोलू, त्यांच्या हातची जोंधळ्याची भाकरी, मुगाची आमटी, दह्यात कालवलेली शेंगदाण्याची चटणी, असं जेवण मी पूर्वी जेवलो नव्हतो. एकच अडचण होती. दिवस मावळायच्या आत जेवण उरकायचं. सूर्य गेला की आक्का अन्न तोंडात घालत नाहीत, आणि मी एकटा खालच्या घरात बसून जेवायचं म्हणजे बरं दिसत नाही, म्हणून मीही त्यांच्याबरोबरच जेवायचो. मग संध्याकाळ पडायची ती केवढी लांब!

बागेतही मी एकटाच राहतो. पण तिथे झाडं माझ्या ओळखीची आहेत. इथे गच्चीवर उभं राहिलं की चहूकडे पाण्याच्या काळ्या टाक्या आणि दुसऱ्यांच्या घरातले दिवे. प्रत्येक घरात कोणीतरी कोणालातरी हाक मारतंय. माझं नाव त्यात कुठे नाही.

गच्चीवर

काही दिवसांनी पायांवर गांधी उठल्या. मग हातांवर, मग कमरेला. लाल, कडक, मधोमध टोचल्याची खूण असल्यासारख्या. एकदोन ठिकाणी पाणी धरलं. खाज अशी की दात आवळावे लागायचे.

मला यात शंका घेण्यासारखं काही वाटलं नाही. आयुष्य बागेत गेलंय. ओंबील, झाडावरची लाल मुंगी, चावली तर कसं होतं, गांधीलमाशीनं मारलं तर कसं, पिसवा, डास, सगळं अंगावर घेतलेलं आहे. हे ढेकूणच. पलंग जुना, गादी जुन्या कापसाची. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून मारायच्या औषधाची बाटली आणली आणि जिन्यात आक्का भेटल्या.

"हे काय ओ?"

मी मान खाली घातली. "आक्का, रागावू नका. गादीत ढेकूण आहेत."

"माझ्या घरात?" आक्का दोन पायऱ्या खाली उतरल्या. "ढेकूण? पावणं, डोळं हायत का बटणं लावल्यात?"

"अंगभर चावलेत, बघा."

त्यांनी माझ्या हाताकडे बघितलंच नाही, बाटलीकडे बघितलं. "आनि हे मारनार व्हय तुमी? आमच्यात मुंगीला फुंकर मारून बाजूला करत्यात. ही बाटली उंबऱ्याच्या आत आली न्हाय पायजे. जावा, परत देऊन या."

दुकानदारानं बाटली परत घेतली आणि हसत विचारलं, "आक्कांच्यात उतरलाय न्हवं?"

परत आलो तर आक्कांनी पदर खोचलेला. मारायचं नाही म्हटल्यावर त्यांच्याकडे एकच मार्ग होता, शोधायचं. आम्ही दोघांनी गादी उचलून उन्हात टाकली. मग उशी, मग रजई, मग पलंगाच्या फळ्या. त्यांनी खाली पांढरं धोतर अंथरलं, यजमानांचं जुनं, आणि त्यावर एकेक फळी आपटून बघितली. नंतर कात्री घेऊन गादीची शिवण उसवायला बसल्या. एक टोक मी धरलं. फटीत सुई घालायची ती टोकाला कापूस गुंडाळून, कुणाला लागू नये म्हणून.

मी विचारलं, "सापडला तर काय करणार?"

"डबीत घालून सोडून येनार."

"कुठं?"

"ते सापडल्यावर बघू. आदी सापडू दे की!"

पेठेत गच्च्या एकमेकींना चिकटलेल्या. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई थांबली. "काय ओ आक्का, दिवाळी तर झाली. आज काय घर भायेर काढलंय?"

मला वाटलं, आता ह्या काहीतरी सांगून झाकतील. आमच्याकडे कुणीही झाकलं असतं. आक्का तिथूनच ओरडल्या, "पावण्यास्नी ढेकूण चावल्यात म्हनं! बगायला येतीस? तिकीट न्हाय!"

सगळी गल्ली हसली. आक्का हसल्या नाहीत. ऊन उतरेपर्यंत त्यांनी कापसाचा प्रत्येक पुंजका हातानं पिंजून बघितला. धोतरावर कापूस होता, धूळ होती, एक वाळकं पान होतं. ढेकूण नाही, त्याची काळी टिंबंसुद्धा नाहीत.

मग त्या माझ्यासमोर बसल्या. "आता बाही वर करा."

मी केली. त्यांनी चष्मा लावून कोपरापासून मनगटापर्यंत बघितलं. आवाज पहिल्यांदाच खाली आला. "हे माझ्या गादीतलं न्हाय, दादा. हे तुमच्या आतलं हाय. दवाखान्यात दाखवलं का?"

दाखवलं नव्हतं. मधे एकदा रक्त द्यायला गेलो होतो तेव्हाही लांब बाहीचा शर्ट घालून गेलो होतो. ढेकूण असते तर बरं, असं मला वाटत होतं. ढेकणाला औषध असतं, आणि तो गादीत असतो, रक्तात नसतो.

दवाखान्यात

कातडीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी भिंग लावून सगळं अंग तपासलं. विचारलं, "काका, घरात ढेकूण, पिसवा, मांजर?"

"नाहीत."

"नक्की? बघितलंय?"

"आक्कांनी गादी उसवून बघितली."

"पूर्ण?"

"कापूस पिंजून."

डॉक्टरीणबाई हसल्या आणि लिहायचं थांबवून नीट समजावून सांगितलं. तुमच्या रक्ताच्या आजारात कातडीवर काही उठलं तर दोन गोष्टी असू शकतात. एक, रक्तातल्या त्या पेशी कातडीत येऊन बसल्यात. तसं असेल तर आजार पुढे सरकलाय, आणि औषधाचा विचार लगेच करावा लागेल. दुसरी, पेशी तिथे आलेल्याच नाहीत, पण त्या आजारामुळे तुमचं अंग उगीच चवताळलंय, किडा नसताना चावल्यासारखं वागतंय. "वरून दोन्ही सारखं दिसू शकतं. अंदाजानं मलम देऊन तुम्हाला घरी पाठवणार नाही मी. छोटा तुकडा काढून तपासायला लागेल."

नर्सनं विचारलं, "बरोबर कोण आहे?"

मी म्हटलं, "कोणी नाही."

"मी हाय की!" दाराबाहेरच्या बाकड्यावरून आक्कांचा आवाज आला. "का मी दिसत न्हाय तुमास्नी?"

नर्स गोंधळली. "तुम्ही कोण लागता यांच्या?"

"थोरली भन."

नर्सनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. आक्कांचा रंग केतकीसारखा, माझा उन्हानं करपलेला. मग तिनं कागदावर बहीण असं लिहिलं. डॉक्टरीणबाईंनी दंडाजवळची जागा बधिर करून मुगाच्या डाळीएवढा तुकडा काढला, एक टाका घातला. दुखलं नाही. मी छताकडे बघत होतो आणि बाहेर आक्का कोणालातरी सांगत होत्या की त्यांचा भाऊ कोकणातला आहे, फार भित्रा आहे, पण मनानं चांगला आहे.

गारगोटीच्या वाटेवर

तपासणीचं उत्तर यायला काही दिवस होते. मी गच्चीवर येरझारा घालायचो. खाली आक्कांना पावलं ऐकू जायची. एका सकाळी त्या म्हणाल्या, "माझं छत झिजवू नका. आण्णाबरोबर जाऊन या जरा."

आण्णांचा स्टीलच्या भांड्यांचा व्यवसाय. टेम्पोत पातेली, घागरी, तांबे भरून ते गावोगावच्या दुकानांत पोचवतात. मी त्यांच्या शेजारी बसलो आणि मागे भांडी वाजत राहिली. शहर संपल्यावर दोन्ही बाजूंनी ऊसच ऊस. आमच्याकडे जमीन चढउताराची, कातळाची, जिथे माती सापडेल तिथे झाड. इथे माती बघून मला हेवाच वाटला. काळी, ओली, काहीही टाका उगवेल अशी.

बिद्रीला साखर कारखान्याचा हंगाम जोरात होता. उसानं भरलेल्या ट्रॉल्या एकीमागे एक उभ्या, पुढच्या ट्रॅक्टरवर गाणं मोठ्यानं लावलेलं. हवेत मळीचा गोडसर आंबूस वास, आधी नकोसा वाटतो, मग नाक सवय करून घेतं. आण्णांनी टपरीपाशी टेम्पो थांबवला आणि कांदाभजीची बशी मागवली.

मी बघतच राहिलो. "आण्णा, कांदा?"

"आक्काला बोललासा तर हितंच उतरवून जाईन. चालत या कोल्हापूरला." भजी मोडत त्यांनी सरळच विचारलं, "मरायचं भ्या वाटतंय काय ओ?"

असं आमच्याकडे कोणी विचारत नाही. पण त्यांनी विचारलं म्हणून मलाही बोलता आलं. "मरायचं नाही एवढं. इथं मरायचं वाटतं. इथल्या कोणाला माझं नावपण माहीत नाही."

"हितं मरायला जागा हाय कुटं? गाडी लावायला मिळत न्हाय आमाला," आण्णा म्हणाले, आणि आपल्या बशीतली दोन भजी माझ्या बशीत सरकवली.

गारगोटीत बाजाराचा दिवस होता. आण्णा दुकानात हिशोबाला बसले आणि मी एकटा हिंडलो. भाजी, घोंगड्या, मिरची. आणि एका कडेला, पोत्यावर, सुकी मासळी. सुका बांगडा, सोडे, जवळा. आमच्याच किनाऱ्यावरून घाट चढून आलेली. मी तिथे उभा राहिलो. विकणारी म्हातारी म्हणाली, "घ्या की पावणं, ताजं वाळवलेलं हाय."

"घेता येत नाही. जिथे राहतो तिथे चालत नाही."

"मग वास तरी घ्या, त्याला कोन न्हाय म्हनतंय," ती म्हणाली आणि माशा वारत राहिली.

मी बराच वेळ उभा होतो. मग बायकोला फोन लावला. घरात रेंज नसते, ती कातळावर चढून बोलते, त्यामुळे आधी तिचा दम ऐकू येतो.

"जेवलात मां? थंडी आसा काय थंय?"

"आसा थोडी. मोहोर कसो?"

"बरो फुटलोहा. तुमचो आवाज असो कित्याक? अंगाक काय झालाहा?"

"काय नाय गो. रस्त्यावर आसंय, गाड्यांचो आवाज."

फोनवर दोन्हीकडचा वारा ऐकू येत होता. तिला कळलं असणार. एवढी वर्षं संसार केलाय. पण तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. परतीच्या वाटेवर आण्णा गाणी म्हणत होते आणि मी बाहेर बघत होतो.

उत्तर

उत्तर आणायला मी एकटाच गेलो. गादी उचलून आत-बाहेर करण्यात आक्कांचा गुडघा सुजला होता, मी त्यांना येऊ दिलं नाही. निघताना त्या म्हणाल्या, "काय आसंल ते तोंडानं येऊन सांगा. फोनवर नको."

डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीवर बसायला लावलं आणि बसायच्या आतच सांगितलं, बहुतेक माझा चेहरा बघून. "काका, कातडीत त्या पेशी नाहीत."

पुढचं मी दोनदा विचारून घेतलं. ही पुरळ किडा चावल्यासारखी दिसते, किडा चावलेला नसला तरी येते, आणि अशा रक्ताच्या आजारवाल्यांना येते हे डॉक्टरांना ठाऊक आहे. लावायला मलम, थोडे दिवस गोळ्या, त्या हळूहळू कमी करायच्या. मनानं थांबवायच्या नाहीत, मनानं वाढवायच्या नाहीत. "आणि ही परत उठू शकते. उठली तर या. दरवेळी हेच असेल असं धरून घरी बसायचं नाही. खरे ढेकूण असले तरी या." वरच्या मजल्यावर रक्ताच्या डॉक्टरांनी बाकीच्या तपासण्या बघितल्या. रोग पूर्वीपेक्षा थोडा हललाय, पण उठलेला नाही. औषध आत्ता नको. पूर्वीपेक्षा लवकर लवकर दाखवायला यायचं. घरी जा.

घरी जा, हे दोन शब्द मनात म्हणतच मी जिना उतरलो.

बाहेर आलो. बायकोला फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. ती कातळावर नसेल. रस्त्यात माणसांची गर्दी, आणि एवढी मोठी बातमी सांगायला त्यात एकही माणूस नाही. रिक्षावाल्यानं विचारलं, "कुटं जायाचं?" तर मला वाटलं त्यालाच सांगावं. एका शाळेच्या कट्ट्यावर बसलो आणि फोन लावत राहिलो. शेवटी लागला. मी सगळं सांगितलं, गांधी, तुकडा, उत्तर, सगळं एकदम. ती रडली आणि मग रागावली, मग परत रडली. "एकटेच कित्याक सोसलात?" म्हणाली. फोन ठेवला तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागलेले होते.

मंगळवार पेठेत पोचलो. दार उघडंच. आक्का स्वयंपाकघरात पाटावर बसलेल्या, समोर दोन ताटं वाढलेली, झाकलेली. दोन्ही तशीच.

"सांगा," त्या म्हणाल्या.

मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले, हात जोडले. मग ताटावरचं झाकण काढून माझ्याकडे सरकवलं. "जेवा."

"तुम्ही?"

"सूर्य गेला की."

"आक्का, जेवून घ्यायचं होतं तुम्ही! मी कशाला..."

"घास उतरला असता व्हय?" त्यांनी आपलं ताट उचलून ठेवलं. "आता उद्या सकाळी. एक रात्र न्हाय जेवलं तर कोन मरत न्हाय. तुमी जेवा, गार झालंय."

त्यांच्यासमोर बसून मी जेवलो. त्या माझ्याकडे बघत होत्या, भाकरी संपली की दुसरी वाढत होत्या. मी घाईनं जेवलो आणि ताट स्वतः घासलं. त्यांनी घासू दिलं.

दुसऱ्या दिवशी आण्णांनी मला टेम्पोतून स्टँडवर सोडलं. आक्का दारापर्यंत आल्या, गुडघा धरून. मी म्हटलं, एकदा आमच्याकडे या. त्या म्हणाल्या, "समिंदर बगितला न्हाय मी अजून. पण तुमच्या घरातल्या भांड्यात मी कसं जेवनार ओ?" आणि हसल्या.

घरी आल्यावर मी बायकोला हे सांगितलं. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, येऊ देत, आपण मासळी बंद ठेवूया. आमच्या घरात हे वाक्य आजवर कोणी उच्चारलेलं नाही. तेव्हा आक्का, इथे लिहून ठेवतो, वाचणारे साक्षीदार. गुडघा बरा झाला की मी स्वतः घाट चढून तुम्हाला न्यायला येईन. नवीन चूल मांडू, नवीन भांडी आणू, ती आण्णांकडूनच घेऊ. कांदा-लसूण घराबाहेर. तुम्ही असाल तितके दिवस खळ्यात मासळीचं जाळं वाळणार नाही. आणि सूर्य समुद्रात उतरायच्या आत तुमचं ताट वाढलेलं असेल. मी कुठेही असलो तरी त्याआधी घरी पोचेन.